उघडी मोटार आणि झाकलेला गंज

पुण्याहून मुंबई रस्त्याने निघून दापोडी ओलांडली की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी अशी कारखान्यांची रांग लागते. नाशिक रस्त्याने गेलात तर भोसरी, मोशी आणि इंद्रायणी ओलांडून पुढे चाकण. स्कूटरपासून मालमोटारीपर्यंत नाना तऱ्हेची वाहने या पट्ट्यात तयार होतात. त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची तर गणतीच नाही. इथल्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी लेथवर, वेल्डिंगवर किंवा रंगखात्यात काम केलेले असते.

समजा, तुमच्या शेजारी असेच एक काका राहतात. टूलरूममध्ये चौतीस वर्षे काम करून ते निवृत्त झाले आहेत. उघड्या टपाची एखादी जुनी मोटार आपल्याजवळ असावी, ही त्यांची तरुणपणापासूनची हौस. चाकणजवळच्या एका शेडमध्ये तशी मोटार विकाऊ आहे असे त्यांना कळते. तिचा लाल रंग आरशासारखा चकाकतो आहे. मालक साडेतीन लाख रुपये मागतो. काकांना ती रक्कम आपल्या ग्रॅच्युइटीतून द्यावी लागणार आहे. ते तुम्हाला म्हणतात, “चला रे माझ्याबरोबर. शाळेत विज्ञान शिकता ना? मग सांगा, ही गाडी घ्यावी की नाही?”

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांतच आहे. ते गाडीपाशी वापरायचे कसे, एवढेच आपण पाहू.

टप काढला की काय होते?

बुटांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके घ्या. झाकण काढून ठेवा आणि दोन्ही टोके हातांत धरून खोक्याला पीळ देऊन पाहा. ते सहज वाकडेतिकडे होते. आता झाकण लावा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्के करा आणि पुन्हा पीळ द्या. तेच खोके आता दाद देत नाही. पुठ्ठा तोच, पण सहा बाजू एकमेकींना बांधल्या गेल्यामुळे पिळाचा जोर सगळ्या बाजूंत वाटला जातो.

मोटारीचेही असेच आहे. एक चाक खड्ड्यात गेले की गाडीला पीळ बसतो. छप्पर असलेल्या गाडीत हा पीळ छप्पर, खांब, दारांभोवतालच्या चौकटी आणि तळ असे सर्व मिळून सहन करतात. छप्पर नसेल तर तेच काम एकट्या तळाला करावे लागते. म्हणून उघड्या मोटारीचा तळ हा केवळ पाय ठेवण्याचा पत्रा नव्हे. तो तिचा पाठीचा कणा होय. ही गोष्ट मनात पक्की धरा, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावरच आधारलेली आहे.

सांगाडा कोणत्या जातीचा?

जुन्या मोटारी बांधणीच्या दृष्टीने दोन जातींच्या. पहिल्या जातीत खाली लोखंडी चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. जीप याच जातीची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून तयार केलेली स्टँडर्ड हेरल्डही याच जातीची. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्ड १९५९ ची. तिचे रूप इटलीच्या मिकेलोत्ती यांनी आखलेले. या गाडीचे छप्परसुद्धा बोल्टांनी बसवलेले असते. ते उतरवले तरी वजन पेलणारी चॅसी जशीच्या तशी राहते. ब्रिटनमध्ये १९६० पासून हेरल्डचा उघडा नमुना कारखान्यातूनच मिळू लागला तो याच सोयीमुळे.

दुसऱ्या जातीत वेगळी चॅसीच नसते. तळ, बाजू, खांब आणि छप्पर एकमेकांना वेल्डिंगने जोडून सगळी बॉडी हाच सांगाडा केलेला असतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११००, जी पुढे पद्मिनी या नावाने घरोघर माहीत झाली, ती या जातीची. अशा गाडीचे छप्पर करवतीने कापून तिची ‘उघडी मोटार’ बनवली तर काय होईल? झाकण काढलेले खोके आठवा. खोक्याची एक बाजूच आपण फेकून दिली! या जातीच्या उघड्या गाड्या कारखान्यात बनत नाहीत असे नाही, पण तेव्हा अभियंते तळाला आणि दाराखालच्या पेट्यांना जादा पत्रा आणि आडवे दांडे घालून छपराची उणीव भरून काढतात. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली आणलेली लाम्ब्डा ही अशाच जोडबांधणीची आद्य गाडी. ती उघडीच होती, पण तिच्या बाजू मुद्दाम खोल ठेवलेल्या होत्या. करवतीने छप्पर कापणारा कारागीर हा हिशेब करीत नाही.

म्हणून काकांनी मालकाला विचारायचा पहिला प्रश्न असा : ही गाडी कारखान्यातून उघडी आली, की नंतर उघडी केली? मालक काहीही सांगो, पुढच्या काचेच्या चौकटीची वरची कड आणि दारांमागच्या खांबांची टोके बारकाईने पाहा. कापल्याच्या, घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा तिथे सापडतात.

पाणी कुठे मुरते?

आता गंजाकडे वळू. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की पत्र्यावर एक अतिसूक्ष्म विद्युत्-घट तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. दुसऱ्या जागी पाणी व ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतात. लोखंड विरघळते ती जागा म्हणजे धनाग्र. विरघळलेल्या लोखंडाचे पुढे ऑक्सिडीभवन होऊन तांबूस, भुसभुशीत गंज तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो आतून रंगाला उचलतो आणि वरून फुगा दिसतो.

इथे एक नवलाची गोष्ट आहे. चिखलाचा गोळा पत्र्याला चिकटून बसला, तर गंज कुठे जास्त लागेल? उघड्या भागावर ऑक्सिजन भरपूर मिळतो, म्हणून तिथे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो आणि नेमका तोच भाग धनाग्र बनून झिजतो. ओल्या गालिच्याखालचा तळ, पत्र्यांच्या जोडातील फटी, पोकळ पेट्यांत साचलेली माती या सगळ्या जागा म्हणूनच घातक.

गाडी कुठे नांदली हेही विचारा. मुंबईच्या किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीला खारट दमट हवा लागलेली असते. मीठ विरघळलेले पाणी वीज अधिक चांगली वाहून नेते, म्हणून वरील घट अधिक जोरात चालतो. घाटमाथ्यावर कोरड्या शेडमध्ये राहिलेली गाडी त्या मानाने सुदैवी.

आजच्या मोटारकारखान्यांत सगळी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून तिच्यातून वीज सोडतात. त्यामुळे पोकळ पेट्यांच्या आतल्या बाजूलाही रंगाचा थर बसतो. शिवाय पुष्कळ पत्र्यांवर आधीच जस्ताचा मुलामा असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांना सामान्यतः हे संरक्षण नव्हते. त्यांच्या पेट्या आतून जवळजवळ उघड्याच राहत.

आता दोन गोष्टी जोडा. उघड्या गाडीचे कापडी हूड कधी ना कधी गळते. गळलेले पाणी उतारावरून तळात आणि दाराखालच्या पेट्यांत जाते. म्हणजे छप्पर नसल्यामुळे ज्या भागावर सर्वांत जास्त भार येतो, त्याच भागात सर्वांत जास्त पाणी मुरते. उघड्या मोटारीच्या तपासणीचे मर्म एवढ्या एका वाक्यात आहे.

चीर लहान, नुकसान मोठे

“थोडा गंज आहे, पण पत्रा अजून बराच शिल्लक आहे,” असे मालक म्हणेल. त्याला उत्तर देण्यासाठी एक पोस्टकार्ड गुंडाळून त्याची नळी करा. कडा एकमेकींवर न चिकटवता नळीला पीळ द्या. ती सहज पिळते. आता कड लांबीभर चिकटवा आणि पुन्हा पीळ द्या. फरक हाताला लगेच कळेल. पातळ पत्र्याच्या नळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर पडली, तर पिळाला विरोध करण्याची तिची शक्ती शेकडो पटींनी घटते. पत्रा मात्र जवळजवळ सगळाच शिल्लक असतो! दाराखालची पेटी किंवा चॅसीचा पोकळ दांडा जोडाच्या रेषेवर गंजून उकलला, की हेच घडते. म्हणून गंजाने किती पत्रा खाल्ला यापेक्षा तो कुठे खाल्ला, हे अधिक महत्त्वाचे.

हेरल्डसारख्या गाडीत दाराखालच्या पट्ट्यांवर फारसा भार नसतो. तिथे चॅसीचे दांडे आणि त्यांना बाजूने जोडलेले हात पाहावेत. वेगळी चॅसी नसलेल्या गाडीत मात्र दाराखालच्या पेट्याच सर्वस्व. गाडीची जात आधी का ओळखायची, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

चार साधी साधने

महागडी उपकरणे नसली तरी चालेल. लोहचुंबक, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, ओळंबा आणि खडू एवढे सामान दप्तरात मावते.

पहिले साधन लोहचुंबक. कागदात गुंडाळलेला लहान चुंबक बॉडीवरून फिरवा. चांगल्या पत्र्यावर तो धरून राहतो. खड्डा किंवा भोक पुट्टीने भरून वर रंग मारला असेल, तर चुंबक आणि लोखंड यांत अंतर पडते. चुंबकाचे आकर्षण अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे पुट्टीच्या जाड थरावर तो घसरून पडतो. तिथे बोटाच्या पेराने टिचकीही मारा. पत्रा खणखणतो, पुट्टी ‘थप’ असा मंद आवाज देते. मात्र काही गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचेच असतात. तिथे चुंबक कुठेच चिकटणार नाही, आणि तो मालकाचा दोष नव्हे.

दुसरे साधन पुठ्ठ्याच्या पट्ट्या. दाराच्या मागच्या कडेची फट वर किती आणि खाली किती, हे पट्ट्या सरकवून मोजा. गाडीला आधार दोन टोकांच्या चाकांवर, आणि माणसांचे वजन मधोमध. तळ दुबळा असेल तर गाडी मध्ये झुकते. मग दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद होते. आता दोन मोठी माणसे गाडीत बसवा आणि पुन्हा मोजा. फट बदलली, किंवा दार अडकू लागले, तर तळाने हात टेकले आहेत असे समजा.

तिसरे साधन ओळंबा, चौथे खडू. गाडी सपाट फरशीवर उभी करा. चॅसीच्या डाव्या-उजव्या बाजूंची सारखी ठिकाणे निवडा. उदाहरणार्थ, पुढच्या आणि मागच्या पाट्यांचे बोल्ट. प्रत्येकाखाली बाहेरूनच ओळंबा सोडून फरशीवर खडूने टिंब काढा. गाडी ढकलून बाजूला करा. चार टिंबांचा चौकोन मिळेल. त्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. पुढची रुंदी मागच्यापेक्षा कमी असली तरी चौकोन समद्विभुज समलंब असतो, आणि त्याचे कर्ण सारखे असतात. कर्णांत ठळक फरक आला, तर गाडीला कधीतरी जोराची धडक बसून सांगाडा तिरका झाला आहे. भूमितीचा धडा इथे काकांचे पैसे वाचवतो.

एक सूचना कटाक्षाने पाळा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खालून पाहायचे असेल तर मेस्त्रीने पक्क्या घोड्यांवर गाडी ठेवावी आणि त्यानेच पाहावे.

इंजिन शेवटी का?

बहुतेक लोक आधी इंजिन सुरू करायला सांगतात. आपण ते मागे ठेवले, कारण इंजिन सुटे करून दुरुस्त करता येते. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात सिलिंडर रिबोअर करणारा, बुश वळून देणारा कारागीर मिळणे अवघड नाही. तिरका झालेला, कुजलेला सांगाडा सरळ करणे मात्र फार जिकिरीचे.

तरी तपासणी हवीच. आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर मालकाने गाडी अगोदरच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन कसे सुरू होते हे लपवायचे असावे. धुराचा रंग पाहा : निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. ऑइल मापायच्या कांडीवर दुधाळ साय दिसली, तर तोच संशय बळावतो.

मेस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. सर्व आकडे एकमेकांच्या जवळ, दहा टक्क्यांच्या आत असावेत. एका सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर दोष बहुधा वाल्व्हमध्ये. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी असेल तर मधले गास्केट फुटले असावे.

हूडची लोखंडी चौकट, तिच्या बिजागऱ्या आणि पुढच्या काचेची चौकट यांची यादीही करा. उघडे नमुने थोडेच बनत, म्हणून त्यांचे हे खास भाग इंजिनाच्या भागांपेक्षा दुर्मीळ. नसलेली एक चौकट इंजिनाहून महाग पडू शकते.

कागद बोलतात

आर.सी. बुकातील इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक गाडीवरच्या कोरीव क्रमांकांशी अंकाअंकाने जुळवा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. ते झाले आहे का, पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार मालकाला गाडीत मूळ नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. छप्पर कापलेली गाडी म्हणजे केवळ दुबळी गाडी नव्हे. ती कायद्याच्या अडचणीतही सापडू शकते.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी खाजगी वाहनांसाठी २०२१ साली केंद्रीय नियमांत वेगळी तरतूद झाली. गाडी मूळ स्वरूपात असेल, तर तिला ‘व्ही.ए.’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळू शकतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती किंवा इंधन भरणे यांसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांना इथे पैशांतही मोल आहे.

किंमत कशी काढावी?

आता बेरीज-वजाबाकी. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, अशीच गाडी उत्तम स्थितीत ६,००,००० रुपयांना विकली जाते. तपासणीवरून मेस्त्रीने खर्चाचा अंदाज दिला :

चॅसी व तळाची दुरुस्ती — १,२०,००० रु.
हूडची चौकट व कापड — ८०,००० रु.
इंजिन — ६०,००० रु.
ब्रेक, टायर, वायरिंग — ५०,००० रु.
रंग — ७०,००० रु.
एकूण — ३,८०,००० रु.

जुन्या गाडीत उघडून पाहिल्याशिवाय न दिसणारे दोष असतातच. त्यांच्यासाठी एक चतुर्थांश, म्हणजे ९५,००० रुपये धरा. बेरीज ४,७५,००० रुपये. सहा लाखांतून ती वजा केली की राहतात १,२५,००० रुपये. ही झाली या गाडीची आजची खरी किंमत. साडेतीन लाख देऊन काकांनी ती घेतली, तर सहा लाखांच्या गाडीसाठी सव्वाआठ लाख रुपये मोजल्यासारखे होईल.

चकाकणाऱ्या रंगाला या हिशेबात काय स्थान? तो चांगला असता तर रंगाचे ७०,००० रुपये वाचले असते; त्याहून अधिक काही नाही. इथे तर तळ दुरुस्त करताना तोच रंग जाळून काढावा लागणार. उलट रंग फिका पडलेली पण तळ धडधाकट असलेली, सगळे मूळ भाग शाबूत असलेली गाडी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडली असेल, तर तीच अधिक मोलाची.

पैशांशिवाय आणखी एक हिशेब आहे. डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीत आसने तळालाच बसवलेली असतात आणि आतल्या माणसांचा सारा भरवसा तळावरच असतो. तो कुजलेला असेल तर चाकणच्या रस्त्यावर एखाद्या मालमोटारीपुढे अचानक ब्रेक लावण्याची वेळ आल्यावर काय होईल, याचा विचार करा. तेव्हा काकांना सांगा, “गाडी बघा, पण आधी वाकून बघा.” त्यांना हवी तशी गाडी मिळेपर्यंत थांबावे लागले, तरी ग्रॅच्युइटी शाबूत राहील आणि हौसही.

करून पाहा

१. तीन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एक कोरड्या बाटलीत, एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. आठ दिवस रोज निरीक्षण लिहा. कोणता खिळा आधी गंजला? का?

२. लोहचुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्डे एकावर एक वाढवत जा. किती कार्डांनंतर चुंबक पडतो? पुट्टी शोधताना या आकड्याचा उपयोग कसा होईल?

३. बुटांच्या खोक्याच्या तळाला लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याच्या दोन पोकळ नळ्या चिकटवा आणि झाकण न लावता पीळ द्या. उघडी गाडी बनविणारे अभियंते काय करतात, ते तुमच्या हातांना कळेल.